अठरा टाक्यांचा हिशेब

थंडीच्या दिवसांत दुपारची आवराआवर झाली की अनेक घरांत अजूनही लोकरीची पिशवी उघडते. स्वेटर सहज विणणाऱ्या हातांना जाळीची वीण मात्र अवघड वाटते. वास्तविक तिच्यातला एक प्रकार इतका सोपा आहे की सुलट-उलट टाका येणाऱ्यास तो एका बैठकीत जमावा. त्याचे इंग्रजी नाव ‘ओल्ड शेल’.

स्कार्फसाठी आठ नंबरच्या सुईवर साठ टाके घालावेत. दोन्ही कडांचे तीन-तीन टाके प्रत्येक ओळीत सुलट विणावेत. मधल्या चोपन्न टाक्यांत अठरा टाक्यांचा नमुना तीनदा बसतो. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट. तिसऱ्या ओळीत दोन-दोन टाके एकत्र विणून तीन जोड्या, मग लोकर पुढे घेऊन एक सुलट असे सहा वेळा, पुन्हा तीन जोड्या. चौथी ओळ सुलट. एवढेच! जोड्यांमुळे सहा टाके घटतात, लोकर पुढे घेतल्याने सहा वाढतात. अठराचे अठराच राहतात. तिसऱ्या ओळीअखेर साठ भरले नाहीत तर चूक तिथेच शोधावी, पुढे जाऊ नये. रोजमेळ लिहिणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. टाके एका जागी दाटतात, दुसऱ्या जागी पांगतात आणि कापडावर लाटा उमटतात.

या लाटा शेटलंडच्या. स्कॉटलंडच्या उत्तरेस शंभराहून अधिक लहानमोठ्या बेटांचा हा समूह आहे. त्यातील उन्स्ट बेटावरच्या शाली इतक्या तलम की अंगठीतून आरपार निघत. तिथल्या मेंढ्यांची लोकर उन्हाळ्याच्या तोंडी आपोआप सैल होते आणि पूर्वी ती कात्रीने न कापता हाताने उपटून घेत. जाळीच्या कामाला मानेवरची सर्वांत मऊ लोकर लागे. (श्वेतांबर साधु-साध्वींचा ओघा लोकरीचा असतो, त्यामुळे लोकर आपल्याला परकी नाही. मात्र त्या बेटांवर मेंढ्या मांसासाठीही पाळल्या जातात, हेही नजरेआड करू नये.)

पुरुष मासेमारीला समुद्रावर आणि शेती, गुरे, घर बायकांकडे, अशी तिथली विभागणी होती. कमरेला भोके पाडलेला चामडी पट्टा बांधून त्यात सुईचे टोक खोचायचे आणि पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालता विणायचे, हा तिथला रोजचा परिपाठ. मुंबई बंदरात ज्या पी. अँड ओ. कंपनीची जहाजे येत, तिचे एक संस्थापक आर्थर अँडरसन मूळचे शेटलंडचे. त्यांनी 1837 मध्ये राणी व्हिक्टोरियाला तिथले तलम मोजे भेट दिले. पुढे श्रीमंत घरांतून या विणकामाला मागणी आली.

मागणी वाढली, पण विणणारीच्या हाती पैसा आला नाही. शाल दुकानात नेली की तिचा भाव दुकानदार ठरवी आणि मोबदला मालात देई. चहा आणि सुती कापड हा त्यातला नेहमीचा माल. घरात पीठ नसे, चहा मात्र साचे. मग तोच चहा शेतकऱ्याला देऊन पीठ आणि बटाटे आणावे लागत, आणि त्यात आणखी घट येई. माल तूर्त नको असेल तर रकमेची चिठ्ठी मिळे, पण ती वटे त्याच दुकानात. 1872 मध्ये विल्यम गुथ्री यांनी सरकारतर्फे याची चौकशी केली. बायकांच्या आणि दुकानदारांच्या साक्षी झाल्या. दुकानदारांचा खुलासा साधारण असा होता: विणकामात आम्हाला काही सुटत नाही, नफा मालावर आहे, रोख द्यायचे तर शालीचा भाव उतरवावा लागेल.

हा खुलासा खोटा नव्हता आणि हे व्यापारी काही दरोडेखोर नव्हते. त्यांच्या वह्या पैशापर्यंत जुळत असाव्यात. पण खुलाशाचा अर्थ एवढाच निघतो की वहीत मांडलेला शालीचा भाव हा भावच नव्हता. तराजू चोख, गज चोख. खोटे होते ते शिलिंगचे माप. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’, म्हणजे घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे, हा दोष सांगितला आहे. तो केवळ धान्याच्या मापापुरता समजण्याचे कारण नाही. आपल्याकडे साडीला फॉल-बीडिंग करणाऱ्या, पापड लाटून देणाऱ्या बायकांची मजुरी पुष्कळदा दुकानातल्या उधारीत वळती होते. तिने मागितले म्हणून वळती केली तर ती सोय. रोख मागूनही मिळाले नाही, तर ती शेटलंडची चिठ्ठीच. तिथे 1887 च्या कायद्याने घरी विणणाऱ्या बायकांनाही संरक्षण दिले. जुनी रीत मात्र त्यानंतरही बराच काळ रेंगाळली.

स्कार्फ पुरेसा लांब झाला की टाके सैल हाताने बंद करावेत, नाहीतर कड ओढली जाते. सुईवरून उतरलेली जाळी आक्रसलेली, जरा निराशाजनकच दिसते. ती कोमट पाण्यात भिजवावी, पिळू नये. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि गादीवर टाचण्यांनी ताणून वाळत ठेवावी. लाटा तेव्हा उघडतात. ज्या घरांत लोकरीऐवजी अ‍ॅक्रिलिकचा धागा वापरतात, तिथे या ताणण्याचा उपयोग बेताचाच होतो. त्यांनी सुई एक आकार मोठी घ्यावी.