गावाला अंगण हवे

2025च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिलेला बहुतेक गावांचा कारभार पुन्हा लोकनियुक्त प्रतिनिधींकडे आला. प्रचारात रस्ते, पाणी आणि गटारे यांची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. परंतु संध्याकाळी घराबाहेर पडलेल्या माणसाने गावात बसायचे कुठे, हा प्रश्न कोणत्याही जाहीरनाम्यात शोधूनच काढावा लागतो. एखाद्या कोपऱ्यात बालोद्यानाचे आश्वासन असते आणि तेवढ्यावर विषय संपतो.

वास्तविक हा प्रश्न आपल्या गावांना कधी पडलाच नव्हता. पिंपळाचा पार, चावडी, देवळापुढचे पटांगण, आठवडे बाजाराची जागा आणि नदीचा घाट ही गावाची सामाईक अंगणे होती. वाईचे उदाहरण घ्यावे. कृष्णेच्या काठावर पेशवाईत रास्त्यांसारख्या सरदार घराण्यांनी घाट बांधले. 1762मध्ये उभ्या राहिलेल्या ढोल्या गणपतीच्या मंदिरासमोरून हे घाट आजही पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यात उतरतात. हिवाळा सरता सरता तेथे कृष्णाबाईचे उत्सव सुरू होतात. प्रत्येक आळीचा घाट वेगळा, मांडव वेगळा. एका आळीचा उत्सव आटोपला की दुसरीचा सुरू होतो. कीर्तन-प्रवचन, महाप्रसाद, माहेरवाशिणींची ये-जा यांनी घाट गजबजून जातात. त्या पायरीवर बसण्यासाठी कुणाला तिकीट काढावे लागत नाही, की काही विकत घ्यावे लागत नाही. धुणे धुणारी बाई, पोहायला शिकणारा मुलगा आणि जपाची माळ घेतलेले आजोबा एकाच दगडी पायरीवर मावतात. घाट बांधणाऱ्यांनी ‘सार्वजनिक अवकाश’ असा शब्द योजला नसेल, पण वस्तू मात्र चोख दिली.

तथापि गतकाळाचे केवळ गोडवे गाऊन भागणार नाही. ही अंगणे सर्वांची नव्हती. महाडचे चवदार तळे हे एका लहान नगराचे सार्वजनिक तळे. ते सर्वांना खुले असल्याचा ठराव तेथील नगरपालिकेने 1924मध्येच केला होता, तरीही तो अमलात यावा म्हणून 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह तळ्याकाठी जावे लागले. न्यायालयीन लढा पुढे 1937पर्यंत चालला. जागा कागदावर सर्वांची असणे आणि तेथे प्रत्येकाला निःशंकपणे पाऊल टाकता येणे, यांत केवढे अंतर असू शकते, हे महाडने शिकविले. नव्या जागा घडविताना हा धडा विसरता येणार नाही.

आज गावोगावी जे चित्र दिसते, त्यामागे अर्थकारण आहे. 1999मध्ये नगरपालिका क्षेत्रातील जकात रद्द झाली आणि पालिका शासनाच्या अनुदानावर विसंबू लागल्या. हातचे उत्पन्न हवे म्हणून मोक्याच्या मोकळ्या जागेवर व्यापारी संकुल बांधायचे, गाळ्यांची अनामत घ्यायची, असा सोपा मार्ग रूढ झाला. त्यात भाजी मंडईचे संकुल झाले, एस.टी. स्थानकाजवळचे मैदान आक्रसले. कित्येक ठिकाणी वरच्या मजल्यावरचे गाळे रिकामेच आहेत आणि भाजीवाल्या पूर्वीप्रमाणेच रस्त्यावर बसतात! पालिकेला पैसा लागतो हे खरेच. परंतु एकदा विकले गेलेले मैदान पुन्हा विकत घेण्याइतका पैसा कोणत्याही नगरपरिषदेकडे येणार नाही.

जेथे जागा उरली आहे, तेथे ‘सुशोभीकरण’ येते. पारावरच्या झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसविले जातात, मुळांना पाणी मिळेनासे होते. कारंजे उद्घाटनापुरते उडते. भोवती लोखंडी कुंपण, फाटकाला कुलूप आणि ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी. ज्या उद्यानात मुलाने धावायचे नाही आणि भेळवाल्याने फिरकायचे नाही, ते उद्यान ओस पडले तर दोष कुणाचा? पथविक्रेत्यांसाठी 2014चा कायदा आहे, नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे. विक्रेत्याला हुसकण्यापेक्षा त्याला मैदानाच्या कडेला हक्काची जागा द्यावी. त्याच्या गाडीवरचा दिवा आणि भोवतीची वर्दळ ही पहारेकऱ्याहून अधिक चांगली राखण करते.

स्त्रियांच्या बाबतीत तर हा विषय अधिकच टोचतो. लहान गावातला पुरुष पानाच्या टपरीवर, चहाच्या दुकानात तासभर उभा राहू शकतो. त्याच गावातल्या बाईला देऊळ आणि बाजार सोडून थांबायला जागा नाही. पाणवठा गेला आणि घरात नळ आला, ही सुखाचीच गोष्ट. पण त्याबरोबर चार बायकांनी उभ्या उभ्या बोलण्याची हक्काची वेळही गेली. तिला हवे आहे ते फार खर्चाचे नाही. पाठ टेकता येईल असे बाक, सावली, पिण्याचे पाणी, संध्याकाळी पुरेसा उजेड आणि मुख्य म्हणजे उघडे व स्वच्छ असलेले स्वच्छतागृह. स्वच्छतागृह बांधण्याचा निधी मिळतो. रोज सकाळी ते धुणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद अंदाजपत्रकात शोधावी लागते.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीने उद्याने आणि क्रीडांगणे हा विषय नगरपालिकांच्या कक्षेत घातला, त्याला तीन दशके उलटली. विकास आराखड्यात या जागांसाठी आरक्षणेही टाकलेली असतात. परंतु महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966च्या कलम 127नुसार दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीत पालिकेने संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. मालकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्यच आहे. त्याची जमीन अनिश्चित काळ अडकवून ठेवता येत नाही. पण मधल्या काळात पालिकेने डोळे मिटून घेतले, तर गावाचे मैदान कोणताही गाजावाजा न होता नाहीसे होते. सभागृहात ठराव नाही, विरोध नाही, बातमीही नाही. म्हणूनच नव्या नगराध्यक्षांनी आणि नगरसेवकांनी येत्या सर्वसाधारण सभेतच मुख्याधिकाऱ्यांकडे मैदाने व उद्यानांच्या आरक्षणांची यादी मागावी, प्रत्येकापुढे दहा वर्षे कोणत्या तारखेला पूर्ण होतात हे लिहून घ्यावे आणि ती यादी नगरपरिषदेच्या फलकावर लावावी.