मुका संगणक

साउंड कार्डावर कलाशाखेच्या विद्यार्थ्याने लेखणी का उचलावी, असा प्रश्न वाचकांना पडेल. माझ्या वर्गातील एक मित्र दृष्टिहीन आहे. पडद्यावरची अक्षरे ‘एनव्हीडीए’ हा मोफत कार्यक्रम त्याला वाचून दाखवतो. आपला संगणक मुका झाला तर आपली गाणी थांबतात; त्याचा झाला तर वही, पुस्तक, पत्र सारेच मिटते. बरे, ड्रायव्हर बसवायचा तर पडद्यावरच्या सूचना ऐकू यायला हव्यात, आणि त्या ऐकू यायला आधी ड्रायव्हर हवा! किल्ली आत राहून दाराला कुलूप लागावे, तशी गत.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. कार्डाची भाषा एक, विंडोजची दुसरी. माझे आईवडील कचेरीत गेले की साहेबांचा कागद वाचून सांगणारा मीच. दुभाषी नसला की माणसाची काय अवस्था होते, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

डॉसच्या काळात प्रत्येक खेळ आपापला ड्रायव्हर घेऊन येई. १९८७ साली कॅनडाचे ॲडलिब आले, १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्हचे साउंड ब्लास्टर. ज्याचा खप मोठा त्याची भाषा इतरांनी शिकायची, हा बाजाराचा न्याय. म्हणून इतर कारखानदार आपले कार्ड ‘साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल’ असल्याची जाहिरात करू लागले. ‘ए२२० आय५ डी१’ असा मंत्र संगणकाला सांगावा लागे: कार्डाचा पत्ता, इंटरप्टचा क्रमांक, डीएमएचा मार्ग. एक आकडा चुकला की शुकशुकाट. प्रमाण होते खरे, पण एका दुकानाचे!

१९९८ साली यूएसबी ध्वनि-उपकरणांचे नियम लिहून जाहीर झाले, २००४ मध्ये इंटेलचे ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ आले. आता दुभाषी विंडोजच्याच घरी राहतो. काही शे रुपयांची यूएसबी डबी लावावी आणि संगणकाने बोलू लागावे, याचे श्रेय त्या रूक्ष नियमांना आहे. पण यूएसबी नियमांची दुसरी आवृत्ती २००६ ची, आणि तिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आला २०१७ साली! तोवर ज्याने त्याने कंपनीच्या दारात उभे राहायचे. २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आले तेव्हाही हेच झाले होते. कंपनीने नवा ड्रायव्हर दिला तर ठीक, नाहीतर धडधाकट कार्ड भंगारात.

ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना सामान्य ड्रायव्हर संथ वाटतो. स्टाइनबर्गचे ‘एसिओ’ त्यांच्यासाठीच आहे. त्यांनी ते खुशाल वापरावे. माझे म्हणणे एवढेच, की कंपनीच्या खास ड्रायव्हरविना निदान साधा आवाज तरी निघालाच पाहिजे.

महाविद्यालये संगणक घेताना किंमत विचारतात, पडद्याची लांबी विचारतात. त्यांनी विक्रेत्यासमोर एका यंत्रावर नवे विंडोज घालावे, कंपनीचा कोणताही ड्रायव्हर न घालता पडदा बंद करावा, आणि माझ्या मित्रासारख्या विद्यार्थ्याला खुर्चीत बसवावे. यंत्र बोलले तरच बिलावर सही करावी.