हाताच्या मापाचा ब्रेक



व्यापारी कुटुंबात मोटरसायकल हे वाहन कमी आणि दुकानाचा भाग अधिक असते. रोहण्यासारख्या गावात तर सकाळी आर्वीला, दुपारी पुलगावला आणि सायंकाळी आसपासच्या खेड्यांत उधारीच्या वसुलीला तीच धावते. गोदामातील मालाचा विमा आपण न चुकता उतरवतो, रात्री दुकानाचे कुलूप दोनदा ओढून पाहतो. परंतु ज्या ब्रेकवर घरातील माणसाचा जीव अवलंबून असतो, त्याचा लिव्हर त्या माणसाच्या हाताच्या मापाचा आहे की नाही, हे पाहण्याचे आपल्याला सुचत नाही. मलाही सुचले नव्हते.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीने दुकानाची वसुली अंगावर घेतली. मोटरसायकल ती उत्तम चालवते. तरीही एके दिवशी ती म्हणाली, "काका, गाडीची भीती नाही वाटत, पण ब्रेक धरायचा म्हटले की आधी मूठ सैल करावी लागते. तुमचा हात मोठा आहे, तुम्हाला ते कळणार नाही."

तिचे म्हणणे खरे होते. पुष्कळशा साध्या मोटरसायकलींवर क्लच आणि ब्रेकचे लिव्हर एकाच अंतरावर कायमचे बसवलेले असतात. ते अंतर मोठ्या पंजाला सोयीचे असते. स्त्रियांच्या, किशोरांच्या किंवा सांधेदुखीने आखडलेल्या वृद्ध हातांना ते पुरे पडत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. लिव्हर शोधण्यात अर्धा सेकंद गेला, तर ब्रेक लागण्यापूर्वीच ७ मीटर अंतर सरलेले असते. आमच्याकडे तिन्हीसांजेला शेतातून एखादा रोही रस्त्यावर झेप घेतो, तेव्हा तेवढ्या अंतरात त्याचे आणि चालकाचे, दोघांचेही प्राण असतात.

यावर उपाय म्हणजे अंतर कमीजास्त करता येणारे लिव्हर. त्यांच्या मुळाशी आकडे कोरलेला एक लहानसा खटका असतो. तो फिरवला की लिव्हर मुठीच्या जवळ किंवा दूर सरकतो. मी जोडी मागवली ती हजार रुपयांच्या आतली. व्यापाऱ्याचा स्वभाव; स्वस्त मिळाले याचाच आनंद अधिक झाला.

डाव्या हाताचा क्लच बसवणे सोपे ठरले. आधी केबलचा ताण सोडला, खाचा एका रेषेत आणून केबल बाहेर काढली, लिव्हर ज्या बोल्टभोवती फिरतो तो सोडवला, जागा स्वच्छ पुसून थोडे ग्रीस लावले आणि नवा लिव्हर बसवला. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. बोल्ट इतका आवळू नये की लिव्हर सोडल्यावर आपोआप मागे येणार नाही. आणि क्लच ओढू लागण्यापूर्वी लिव्हरला किंचित मोकळी हालचाल असावी. ती मुळीच नसेल तर क्लच पूर्ण धरत नाही, घसरत राहतो आणि त्याच्या प्लेटा झिजतात.

उजव्या हाताचा डिस्क ब्रेकचा लिव्हरही तितक्याच सहजतेने बसला आणि तिथेच मी फसलो. दुसऱ्या दिवशी पुतणी पुलगावहून परतली ती गाडी जड झाल्याची तक्रार घेऊन. पुढचे चाक हाताने फिरवले, तर ते लगेच थांबत होते. डिस्कजवळ हात नेताच धग लागली. ब्रेक कोणी दाबलेला नसताना तो लागलेलाच होता.

कारण समजून घेण्यासारखे आहे. हा लिव्हर मास्टर सिलिंडरमधील पिस्टनला ढकलतो आणि त्या दाबाने ब्रेकचे तेल पुढच्या चाकावरील पॅड डिस्कवर आवळते. लिव्हर सोडला की पिस्टन पूर्ण मागे यावा लागतो. तेव्हाच एक सूक्ष्म छिद्र उघडते आणि वाढलेल्या तेलाला टाकीत परतण्याची वाट मिळते. नव्या लिव्हरचे पिस्टनला टेकणारे नाक किंचित जाड होते. त्यामुळे पिस्टन सदैव अर्धवट दाबलेला राही आणि ते छिद्र बंद. पॅड घासत, डिस्क तापे, तापलेले तेल फुगे आणि वाट नसल्याने दाब आणखी वाढे. आणखी काही अंतर गेले असते, तर धावत्या गाडीचे पुढचे चाक जागीच जखडले असते. दोष डोळ्यांना दिसेल एवढाही मोठा नव्हता.

काही जण अशा वेळी कानस घेऊन नाक घासतात. मी तो मोह टाळला. अंदाजाने घासलेल्या धातूवर दुसऱ्याचा जीव ठेवणे योग्य वाटले नाही. ब्रेकचा तो लिव्हर काढून टाकला आणि त्या बाजूला आमच्याच गाडीच्या मॉडेलसाठी बनवलेला, नावाजलेल्या उत्पादकाचा लिव्हर जवळजवळ तिप्पट दाम देऊन बसवला. स्वस्त जोडीतील क्लचचा लिव्हर मात्र आजही उत्तम चालतो आहे. मी काढलेला निष्कर्ष इतकाच: क्लच बिघडला तर बहुधा खोळंबा होतो, ब्रेक बिघडला तर घात होतो. काटकसर करायचीच तर ती डाव्या हाताला करावी.

ज्या घरी असा बदल करायचा असेल, त्यांनी पुढील परीक्षा अवश्य घ्यावी. लिव्हर आपल्या मॉडेलचाच असावा आणि बोल्टभोवती वरखाली डुगडुगू नये. आखूड लिव्हर दिसायला देखणे असतात, पण तरफेची लांबी घटली की बोटांना जोर अधिक लावावा लागतो. अशक्त हातांना पूर्ण लांबीचाच घ्यावा. ब्रेकच्या लिव्हरलाही आरंभी किंचित मोकळी हालचाल हवी. तो सर्वांत जवळच्या आकड्यावर ठेवून पूर्ण दाबला, तरी मुठीला टेकता कामा नये. गाडी स्टँडवर घेऊन, पुढचे चाक उचलून, ब्रेक दहा वेळा दाबून सोडावा आणि प्रत्येक वेळी चाक मोकळे फिरते का ते पाहावे. मागचा लाल दिवा लागतो आणि विझतो ना, हेही पाहावे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून लिव्हर कुठे अडत नाही याची खात्री करावी. मग गावातल्या गावात सावकाश फेरी मारून डिस्क अकारण तापली नाही ना, हे हात न लावता, केवळ जवळ नेऊन तपासावे. आकडा बदलायचा तो गाडी थांबवूनच. जुने लिव्हर फेकू नयेत. शंका वाटली तर जाणत्या मेकॅनिकचे शंभर-दोनशे रुपये वाचवू नयेत.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे गाफीलपणाला, अग्रस्थान दिले आहे. साधू-साध्वी ईर्यासमिती पाळत सुमारे चार हात पुढची भूमी न्याहाळून पाऊल टाकतात. आपण श्रावक तितके जपून चालू शकत नाही, पोटापाण्यासाठी चाकांवरून धावतो. म्हणून निदान ती चाके वेळीच थांबतील एवढी दक्षता आपल्या वाट्याची आहे.

त्याच ग्रंथात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नक्कल विकणे, सांगितला आहे. आपल्या समाजातील कित्येक बंधू वाहनांच्या सुट्या भागांचा व्यापार करतात. स्वस्त माल विकण्यात दोष नाही. तो स्वस्त का आहे आणि कुठे वापरू नये, हे गिऱ्हाइकाला न सांगण्यात दोष आहे. आपल्या दुकानातून गेलेला लिव्हर कोणाच्या पुतणीच्या हाताखाली येईल, हे आपल्याला ठाऊक नसते.

माझी पुतणी आता ब्रेक दुसऱ्या आकड्यावर ठेवते. तिचे वडील तीच गाडी नेतात तेव्हा तो चौथ्यावर नेतात आणि परत आल्यावर न विसरता पुन्हा दोनवर आणून ठेवतात.