पावसाचे वाहन आणि पावसाचा अंदाज

इंदूरभोवतीच्या माळव्यात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. जूनमधला पाऊस कसा पडणार, यावर तेथील पेरणी ठरते. या प्रश्नाला पंचांग नक्षत्राच्या वाहनाने, म्हणजे त्या नक्षत्राला जोडलेल्या प्राण्याने, उत्तर देते, तर हवामान खाते अंदाजाने. खात्याचे अंदाजही चुकतात आणि पंचांगातली ग्रहणे तर अचूक ठरतात. मग वाहनाला कमी का लेखावे, असा पूर्वपक्ष मांडला जातो.

ग्रहणाचा दाखला येथे लागू पडत नाही. ग्रहण हे सूर्य, चंद्र व पृथ्वी यांच्या गतीचे गणित आहे; ते जुळले म्हणून शेजारच्या पानावरचे पर्जन्यफळ सिद्ध होत नाही. वाहन काढताना सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून आलेल्या संख्येला ९ ने भागतात. बाकी ३ उरली तर बेडूक आणि भरपूर पाऊस. ८ उरली तर गाढव आणि बेताचा पाऊस. वारा, बाष्प, समुद्राचे तापमान यांना या हिशेबात स्थानच नाही. शिवाय इंदूर, चेरापुंजी आणि जैसलमेर या तिन्ही ठिकाणी वाहन एकच.

खाते चुकते, हे मात्र खरे. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने तयार झालेले १६ घटकांचे प्रारूप १९८८ पासून वापरात होते. २००२ साली त्यावरून देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस वर्तवला गेला. पडला सुमारे ८१ टक्के. ही चूक लपली नाही, कारण अंदाज आकड्यात होता आणि ४ टक्क्यांची कमी-अधिक मर्यादाही आधीच जाहीर होती. पुढच्याच वर्षी ते प्रारूप बदलले गेले. ‘बेताचा पाऊस’ किती मिलिमीटर, हे ठरलेलेच नसल्याने वाहनाची अशी झडती घेता येत नाही आणि ९ चा भाजकही कधी बदलत नाही.

अंदाजाची विश्वासार्हता अचूकपणात नसून तपासता येण्यात आणि सुधारता येण्यात आहे. त्याला मर्यादाही आहेत : देशाच्या हंगामी सरासरीवरून इंदूरच्या पेरणीचा दिवस ठरत नाही. म्हणूनच इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था मॉन्सून आल्यावर सुमारे १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी न करण्याचा सल्ला देते. एवढी ओल जमिनीत असली, तर पुढे काही दिवस पावसाने ओढ दिली तरी दुबार पेरणीचा धोका कमी होतो.