एकमेकांचा तोल

व्यापारी घरांत मुलांना हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. दुकानात येता-जाता तो अंगवळणी पडतो. नृत्य मात्र आवडीने शिकवूनही फार काळ टिकू दिले जात नाही. जन्मकल्याणकाच्या उत्सवात छप्पन्न दिक्कुमारींपैकी एक होऊन नाचलेली कन्या दहावीत गेली की तिचे घुंगरू कपाटात जातात. मुलग्यांच्या बाबतीत तर ते घरात येतच नाहीत. लग्नाच्या संगीताला सारे घर नाचते खरे, पण तो नाच बसवून देणारा बाहेरून बोलावलेला असतो.

अलीकडे घरातील तरुण मंडळींची मागणी निराळी आहे. दुसऱ्याने बसवलेले नृत्य त्यांना नको. पाच-सहा जणांनी मिळून स्वतःचे रचायचे आहे. २०१३ साली मुंबईची उपनगरी गाडी वाणगाववरून डहाणूपर्यंत धावू लागली आणि या मागणीला वाटही मिळाली. ‘समकालीन’ म्हणविल्या जाणाऱ्या या नृत्याविषयी वडीलधाऱ्यांच्या मनात शंका आहेत. त्या रास्तही आहेत. म्हणून या वेळी त्याच विषयाकडे वळू.

एकत्र नृत्य घडविणे ही कल्पना आपल्या परिसराला नवी नाही. वाणगावच्या पूर्वेस मिरचीची शेते मागे पडली की वारली पाडे लागतात. नवे भात तयार झाले की तेथे तारपा घुमू लागतो. वाळलेला भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण यांतून घडलेले हे वाद्य. वाजविणारा मध्यभागी असतो. स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून त्याच्या भोवती फेर धरतात. सूर बदलला की पाऊल बदलते, वाजविणारा वळला की सारा फेर वळतो. येथे प्रेक्षकांसाठी वेगळी जागा राखलेली नसते आणि कोणी एक नायकही नसतो. एखाद्याचे पाऊल चुकले तर शेजारच्याचा हात त्याला सावरून घेतो. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८, पद्मश्री २०११) यांच्या चित्रांमुळे वारली कला जगभर पोहोचली, आणि हा फेर त्या कलेची जणू ओळखच ठरला. वारली चित्रातील माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. एवढ्याशा बिंदूवर पेललेले ते शरीर कायम हलते भासते.

नागर रंगभूमीवरही असे उदाहरण आहे, तेही याच लोहमार्गावरचे. उदय शंकर यांच्या अल्मोडा येथील केंद्रात काम केलेले शांती बर्धन पुढे ‘इप्टा’च्या मध्यवर्ती पथकात आले. अंधेरी येथे हे कलावंत एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र रचना करीत. १९५२ साली बर्धन यांनी मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ स्थापन केले. क्षयाने त्यांचे शरीर तोवर खंगले होते. तरीही सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी ‘रामायण’ उभे केले. त्यात नर्तक लाकडी कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालचाल करीत. राम, सीता, रावण साऱ्यांचेच सांधे जणू दोऱ्यांनी ओढलेले. १९५४ साली बर्धन निवर्तले. ‘पंचतंत्र’ अपुरे राहिले होते; ते साथीदारांनी पुरे करून रंगमंचावर आणले. गुल बर्धन यांनी पुढे पन्नासहून अधिक वर्षे ही संस्था सांभाळली. ती मुंबईहून ग्वाल्हेरला व तेथून भोपाळला गेली. २०१० साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रमुखाच्या पश्चात पेढी कशी चालते, हे आपल्याला सांगावयास नको. भागीदारांना काम ठाऊक असले आणि एकमेकांवर भरवसा असला, तरच ती चालते.

अशी रचना प्रत्यक्षात घडते कशी? जर्मनीतील वुपर्टाल येथे १९७३ पासून काम करणाऱ्या पिना बाउश आपल्या नर्तकांना प्रश्न विचारीत आणि त्यांनी हालचालींतून दिलेल्या उत्तरांतून नृत्य गुंफीत. आपल्या मुलांनाही हा मार्ग उपयोगी आहे. ‘दुकान बंद करताना आजोबांचे हात कसे फिरतात?’ एवढा प्रश्न पुरे. प्रत्येकजण आपली हालचाल आणील. काही जुळतील, बऱ्याच टाकाव्या लागतील. आपल्याला अतिशय आवडलेली हालचाल इतरांसाठी सोडून देणे हा त्यातील कठीण भाग. दुसरा कठीण भाग भार सोपविण्याचा. पाठीमागे कलताना मागचा आपल्याला धरील, हा विश्वास तोंडी देता येत नाही. तो रोजच्या सरावाने येतो. उद्या एकाच पेढीवर बसणाऱ्या भावंडांना याहून चांगला अभ्यास कोणता?

आगमांतही नृत्याचे एक भव्य वर्णन आहे. राजप्रश्नीय सूत्रात सूर्याभदेव भगवान महावीरांपुढे बत्तीस नाट्यविधी सादर करतो. एकशे आठ देवकुमार आणि एकशे आठ देवकुमारी मिळून स्वस्तिक, श्रीवत्स, नंद्यावर्त, कलश, दर्पण अशा अष्टमंगलांच्या आकृती नृत्यातून साकारतात. भगवंत मात्र मौन राहतात. या मौनाचा अर्थ विद्वान मुनिवरांनी उलगडावा. आपण एवढेच ध्यानी घ्यावे की अनेकांनी मिळून आकार घडविण्याची ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. मुलांना जागा हवी असते. रिकामी वखार किंवा वाडीवरील पडवी संध्याकाळी दोन तास देणे कठीण नाही. फक्त सिमेंटच्या फरशीवर उड्या मारल्याने गुडघे दुखावतात, तेव्हा लाकडी फळ्या अंथराव्यात. चौविहार पाळणाऱ्या घरांनी सरावाची वेळ मुलांशी बोलून ठरवावी. उपाशीपोटी कोणी नाचू नये आणि नियमही मोडू नये. रात्रीच्या गाडीने मुलगी एकटी परतणार असेल तर स्थानकावर घ्यायला जावे. मुलगा परतणार असेल तरी जावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या भागातील मुले नवे काही रचू लागली की तारप्याचा फेर त्यांना मोह घालणारच. तो अवश्य घ्यावा, पण पाड्यावर जाऊन, शिकून, विचारून. शिकविणाऱ्याला मानधन द्यावे, कार्यक्रमात त्याचे नाव घ्यावे, शक्य असल्यास त्याला मंचावर बोलवावे. आपल्या पूर्वजांनी उसना घेतलेला पैसा खातेवहीत नोंदविल्याशिवाय वापरला नाही. उसने घेतलेले पाऊलही तसेच नोंदवावे. अदत्तादानाचा नियम केवळ धनापुरता नाही.

या मुलांपैकी किती जण पुढे नर्तक होतील? फारच थोडे. बहुतेक जण दुकानात, कारखान्यात, कचेरीत बसतील. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी चार जणांसह शून्यातून काही उभे केल्याचा अनुभव त्यांच्यापाशी राहील. तेव्हा पुढल्या पर्युषणातील सांस्कृतिक कार्यक्रमासाठी नृत्य बसविणाऱ्याला बोलावण्यापूर्वी एकदा मुलांनाच विचारावे: दहा मिनिटे तुमची, काय कराल? उत्तर यायला महिना लागेल. तेवढी मुदत त्यांना अवश्य द्यावी.