‘संपला’ या शब्दाविषयी

आळेफाट्यावरून संगमनेरकडे जाणारा रस्ता बोटा, घारगाव मागे टाकून चंदनापुरीच्या घाटात शिरतो. घाटापलीकडचे चंदनापुरी हे अजिंक्य रहाणेचे मूळ गाव. त्याचा जन्मही त्याच संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा, ६ जून १९८८ चा. मध्ये जिल्ह्याची हद्द असली तरी आमच्या आळ्याच्या परिसरात रहाणे शेजारचाच मानला जातो. त्यामुळे त्याच्याविषयीचा वाद येथे अधिक जिव्हाळ्याने होतो आणि म्हणूनच अधिक कडूही होतो. २०२१ साली हा वाद चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर आणि महाविद्यालयाच्या आवारात मी पुष्कळदा ऐकला. क्रिकेटचा मी जाणकार नाही. साहित्य शिकवणाऱ्या माणसाला ऐकू येतो तो वादातील भाषेचा पोत, आणि त्याविषयीच येथे लिहायचे आहे.

वादाला दोन बाजू होत्या. एक बाजू म्हणे, “रहाणे संपला.” दुसरी म्हणे, “मेलबर्न विसरलात का?” दोहोंपाशी पुरावा होता. ॲडिलेडला डिसेंबर २०२० मध्ये भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला. कोहली मायदेशी परतला, आणि पुढच्याच कसोटीत मेलबर्नला रहाणेने कर्णधार म्हणून ११२ धावा केल्या. जानेवारीत ब्रिस्बेन जिंकून भारताने मालिका २–१ अशी घेतली. त्याच्या नेतृत्वाखाली भारत एकंदर सहा कसोटी खेळला. चार जिंकल्या, दोन अनिर्णित राहिल्या. हे एका बाजूचे भांडवल. दुसऱ्या बाजूपाशी २०२१ चा हिशेब होता : १३ कसोटी, २३ डाव, ४७९ धावा, सरासरी २०.८२, अर्धशतके केवळ दोन. पाचव्या क्रमांकाच्या फलंदाजासाठी हा हिशेब वाईटच होता, आणि ते अमान्य करण्यात काही अर्थ नाही.

मला खटकले ते असे, की दोन्ही बाजूंनी प्रत्यक्ष खेळाकडे पाहणे सोडून दिले होते. ‘संपला’ म्हणणाऱ्याला पुढचा डाव पाहण्याची गरज उरत नाही, कारण त्याचा निर्णय आधीच झालेला असतो. ‘मेलबर्न’ म्हणणाऱ्यालाही ती उरत नाही, कारण त्याच्यापाशी प्रत्येक अपयशावर एकच उतारा तयार असतो. ऑगस्ट २०२१ मधील लॉर्ड्सची कसोटी घ्या. दुसऱ्या डावात ३ बाद ५५, आघाडी जेमतेम २८ धावांची. तेथून रहाणे आणि पुजारा यांनी शंभर धावांची भागी केली. रहाणेच्या ६१ आणि पुजाराच्या २०६ चेंडूंतील ४५ धावा. भारताने तो सामना १५१ धावांनी जिंकला. वार्षिक सरासरीत ही खेळी म्हणजे २३ डावांपैकी एक आकडा. पण त्या दुपारी ही जोडी लवकर फुटली असती, तर सामन्याचे काय झाले असते? हा प्रश्न ‘संपला’वाल्यांनी विचारला नाही. आणि एवढ्या धीराने खेळू शकणारा फलंदाज त्या मालिकेतील उरलेल्या सहा डावांत एकदाही वीसपर्यंत का पोहोचला नाही, हा तितकाच रास्त प्रश्न ‘मेलबर्न’वाल्यांनी टाळला.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते, असे मला वाटते. संघनिवड ही उद्याची गोष्ट आहे. येत्या कसोटीत कोणाकडून धावा होण्याचा संभव अधिक, एवढेच तिने पाहावे. त्या दृष्टीने २०२२ च्या प्रारंभी, दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यानंतर, रहाणेला वगळले हे योग्यच झाले. आधीची पुण्याई कोणाला कायमची जागा मिळवून देत नाही. मूल्यमापन मात्र समग्र कारकिर्दीचे करायचे असते, आणि त्यात लॉर्ड्स, मेलबर्न, २०१५ साली गॉलच्या एकाच कसोटीत घेतलेले विक्रमी आठ झेल आणि ते २०.८२ या सर्वांना आपापली जागा असते. निवडीचा निकाल मूल्यमापनाच्या शब्दांत सांगितला, की ‘वगळला’ याचे ‘संपला’ होते आणि पुढे ‘कधी नव्हताच’ होते.

साहित्यात आपण वेगळे काय करतो? अभ्यासक्रमातून एखादी कादंबरी गेली, की ती कादंबरी वाईट ठरते. कवीचा एखादा संग्रह फिका निघाला, की ‘प्रतिभा ओसरली’ हे वाक्य उत्तरपत्रिकांतून फिरू लागते. ज्या विद्यार्थ्यांनी तो संग्रह उघडलेलाही नसतो, तेही ते लिहितात आणि आपण त्याला गुण देतो. उलट, लेखक आपल्या तालुक्याचा असला, की त्याच्या प्रत्येक पुस्तकावर तेच जुने गाजलेले पुस्तक पांघरून त्याचे दोष झाकतो. हा जिव्हाळा दिसायला गोड असला, तरी लेखकाला तोही न वाचलेलाच ठेवतो.

जून २०२३ मध्ये, दीड वर्षाच्या खंडानंतर, रहाणे ओव्हलला जागतिक कसोटी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात परतला. भारत हरला, पण त्याने ८९ आणि ४६ धावा केल्या. ‘संपला’ म्हणणारे काही दिवस गप्प होते. पुढच्याच महिन्यात वेस्ट इंडीजमधील दोन डावांत ३ आणि ८ धावा झाल्या, आणि मग दुसरी बाजू गप्प झाली. त्या दौऱ्याअखेर हिशेब ८५ कसोटी, ५०७७ धावा, सरासरी ३८.४६ असा होता. या आकड्यांत दोन्ही बाजू थोड्या थोड्या खऱ्या आहेत. पण तसे म्हणायला कोणी तयार नव्हते.

आमचे आळे महाराष्ट्राला ठाऊक आहे ते ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखी वेद वदवले, त्या रेड्याच्या समाधीमुळे. कथेतला रेडा वेद बोलला तो पैठणला. पुढच्या मुक्कामी त्याने ते पुन्हा म्हणून दाखवावेत, नाहीतर तो संपला, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. आणि एकदा वेद बोलला म्हणून त्याला कायमचे पाठशाळेत अध्यापक नेमा, असाही हट्ट कोणी धरला नाही. लोकांनी त्याची समाधी बांधली आणि ते आपल्या कामाला लागले. आमच्या टपरीवरील दोन्ही पक्षांपेक्षा त्या लोकांची समज मला मोठी वाटते.