खेपांचा हिशेब आणि चारचाकी हौस

दिल्लीच्या आय.एन.ए. बाजारानजीक असलेले लक्ष्मीबाई नगर ही केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. झाशीच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीत आणि तिच्यासारख्या अन्य शासकीय वसाहतींत मराठी कुटुंबेही नांदत आली आहेत. निवृत्तीचा दिनांक जवळ येऊ लागला की या घरांतून गावाकडच्या जमिनीचा विषय निघतो. रत्नागिरी वा सिंधुदुर्गात सातबाऱ्यावर नाव असते, वडिलांनी लावलेली हापूसची कलमे असतात आणि सेवाकाळात सुटीपुरती पाहिलेली ती बाग आता स्वतः सांभाळावी, असा बेत ठरतो. बेताबरोबर यंत्रांची माहितीपत्रकेही घरात येऊ लागतात. त्यांत अलीकडे एका वाहनाचे आकर्षण विशेष आढळते. फुगीर टायरांचे, मोटारसायकलप्रमाणे दोन्ही बाजूंना पाय सोडून बसावयाचे, कोणत्याही वाटेवर चालणारे हे चारचाकी वाहन ‘एटीव्ही’ या नावाने ओळखले जाते.

हे वाहन शेतीसाठी जन्मास आलेले नाही. हिवाळ्यात मोटारसायकलींचा खप मंदावतो म्हणून अमेरिकेतील विक्रेत्यांनी वेगळ्या वाहनाची मागणी केली आणि १९७० साली होंडा कंपनीने तेथे तीनचाकी गाडी आणली. हेतू करमणुकीचा होता. पुढे शेतकऱ्यांनीच तिला कुंपणाचे खांब, चारा आणि पाणी वाहण्यास जुंपले. १९८० च्या दशकात चारचाकी नमुने आले आणि अपघातांच्या वाढत्या संख्येमुळे १९८८ साली अमेरिकी शासनाशी झालेल्या समझोत्यानुसार तीनचाकी नमुन्यांची तेथील विक्री उत्पादकांनी थांबविली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये तर हे वाहन शेतकऱ्याच्या घोड्याच्या जागी आले. तेथील शेतांचा विस्तार पाहता ते स्वाभाविकच होते.

आपल्याकडील चित्र निराळे आहे. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहिवाट १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. एवढ्या जमिनीसाठी मालवाहू यंत्र हवेच कशाला, असा प्रश्न सुचणे साहजिक आहे. परंतु तो प्रश्न बहुधा त्यांनाच पडतो, ज्यांच्या डोक्यावर कधी क्रेट चढलेला नाही.

कोकणातील आंबा-बागेत वर्षभर ओझी हलत असतात. पावसाच्या तोंडावर शेणखत व खते कलमांच्या आळ्यांपर्यंत न्यावयाची, मोहोराच्या काळात फवारणीसाठी पाण्याची पिंपे कातळावर चढवावयाची, नवीन लागवडीला उन्हाळ्यात पाणी पोचवावयाचे, गवताचे भारे व सरपण खाली आणावयाचे आणि हंगामात फळे रस्त्यापर्यंत पोचवावयाची. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘नूतन झेला’ देऊन फळ देठासह अलगद उतरविण्याची सोय केली. पण झेल्यातून क्रेटमध्ये आलेले फळ तेथून पुढे जांभ्याच्या पायवाटेने माणसाच्या डोक्यावरूनच निघते. हे डोके पुष्कळदा वाडीतील एखाद्या स्त्रीचे असते किंवा हंगामापुरत्या आलेल्या नेपाळी कामगाराचे.

एक साधे गणित मांडून पाहावे. समजा, एका बागेतून हंगामात प्रत्येकी २० किलोचे ४०० क्रेट निघतात, म्हणजे आठ टन माल. आणि रस्ता ३०० मीटरवर आहे. डोक्यावरून एका वेळी एक क्रेट नेल्यास जाऊन-येऊन ४०० खेपांत २४० किलोमीटरची चाल होते आणि तीतील निम्मी डोक्यावर वजन घेऊन. ट्रेलरमध्ये एका वेळी २० क्रेट घातल्यास हेच काम २० खेपांत, १२ किलोमीटरमध्ये आटोपते. यात खताच्या व पाण्याच्या खेपा धरलेल्याच नाहीत. स्त्रीची मजुरी कमी, म्हणून ही चाल जमाखर्चात फारशी खुपत नाही आणि घरच्याच स्त्रीने ती चालल्यास जमाखर्चात येतही नाही. यंत्र परवडते की नाही याचा विचार करताना ही अडचण प्रथम दूर करावयास हवी.

येथे बँकांच्या रूढ पद्धतीचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बारमाही ओलिताची किमान आठ एकर जमीन आणि वर्षाकाठी सुमारे एक हजार तासांचे उत्पादक काम, असे निकष बँकांत दीर्घकाळ प्रचलित होते. नांगरटीच्या यंत्राला ते शोभतही होते. परंतु वाहतुकीच्या यंत्राचे माप एकरांत व तासांत घेतले तर ते नेहमीच अपात्र ठरेल. कारण वर उल्लेखिलेल्या बागेत ते वर्षाला जेमतेम दीडशे तास चालेल. कर्जप्रस्तावाच्या छाननीत ‘किती टन, किती अंतर, किती खेपा आणि सध्या त्या कोण करते’ एवढे चार रकाने जोडले, तर छोट्या यंत्राची खरी उपयुक्तता कागदावर उमटेल. शाखेतील कृषी अधिकाऱ्याला यासाठी बागेत एक चक्कर मारावी लागेल, इतकेच.

मात्र हाच हिशेब एटीव्हीच्या बाजूने लागेल, असे समजू नये. उदाहरणादाखल सहा लाखांचे वाहन दहा वर्षे वापरले, तर घसारा वर्षाला ६० हजार आणि सरासरी गुंतलेल्या तीन लाखांवर दहा टक्क्यांनी व्याज ३० हजार. दीडशे तासांवर हे ९० हजार विभागले असता इंधन व चालक सोडून तासाला ६०० रुपये पडतात. दोन लाखांचा पॉवर टिलर ट्रेलरसह घेतल्यास हाच आकडा २०० रुपयांवर येतो. शिवाय तो भाताच्या खाचरात चिखलणीही करतो. शेजारच्या दोन-तीन बागायतदारांनी मिळून एकच यंत्र घेतले तर तास वाढतात व दर आणखी उतरतो. निवृत्तांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या उपदानाची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख रुपये झाली आहे. निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंत अंशराशीकरणही करता येते. परंतु अंशराशीकरणाची रक्कम ही भेट नव्हे. तेवढा भाग १५ वर्षे मासिक निवृत्तिवेतनातून वजा होत राहतो. हौसेच्या वाहनात ती गुंतविणे म्हणजे पुढील १५ वर्षांच्या महिन्यांकडून आजच उसने घेणे होय.

दुसरा प्रश्न कायद्याचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाची नोंदणी व त्रयस्थ-पक्ष विमा अनिवार्य आहे. वाडीतून बागेत जाताना गावचा रस्ता ओलांडला तरी हा नियम लागू होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये औजारे वा ट्रेलर यांसह शेतीकामासाठी बनविलेल्या चारचाकी वाहनाला कृषी ट्रॅक्टर म्हटले आहे. या व्याख्येचा आधार घेऊन पोलॅरिस कंपनीने आपले ‘स्पोर्ट्समन ५७०’ हे वाहन या दशकाच्या आरंभी ट्रॅक्टर म्हणून प्रमाणित करून भारतात विक्रीस आणले. असे प्रमाणपत्र नसलेले वाहन केवळ खासगी आवारात फिरविण्यापुरते असते. त्याची नोंदणी होत नाही आणि नोंदणीपुस्तकच नसल्याने त्यावर बँकेच्या नजरगहाणाची नोंद करणेही शक्य होत नाही. दिल्लीभोवतालच्या खेड्यांतून पंपाचे इंजिन बसविलेली ‘जुगाड’ वाहने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा मुद्दा लवकर उमगेल. जुगाड हेदेखील मोटार वाहनच आहे आणि कायद्याची पूर्तता न करता ते रस्त्यावर येऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले. अशा वाहनाखाली कोणी सापडल्यास भरपाईची जबाबदारी घेणारी विमा कंपनी नसते. मग मागे राहते ती मालकाची जमीन आणि जखमी माणसाचे कुटुंब.

तिसरा आणि सर्वांत गंभीर मुद्दा उताराचा. एटीव्हीचा तोल बसणाऱ्याच्या शरीरावर अवलंबून असतो. चढावर पुढे झुकावे लागते, आडव्या उतारावर वरच्या बाजूस कलावे लागते. साठीच्या गुडघ्यांना ही कसरत कितपत मानवेल? मागच्या रॅकवर ओझे लादून चढ चढताना पुढील चाके उचलली जातात. फवारणीची टाकी अर्धी रिकामी झाली की आतील पाणी हेलकावते आणि वळणावर वाहन त्याच बाजूस ओढले जाते. उलटलेल्या गाडीखाली चेंगरून शेतकरी दगावण्याचे प्रकार ऑस्ट्रेलियात इतके घडले की, तेथील शासनाने ऑक्टोबर २०२१ पासून सर्वसाधारण वापराच्या नव्या गाड्यांना चालकाचे रक्षण करणारी चौकट व किमान स्थैर्य सक्तीचे केले. काही उत्पादकांनी ही अट मानण्याऐवजी त्या बाजारातून माघार घेणे पसंत केले. आपल्याकडे विक्रेत्याच्या माहितीपत्रकात अश्वशक्ती ठळक अक्षरांत असते. उलटण्याविषयी मात्र अवाक्षर नसते.

अर्थात पॉवर टिलरही निर्धोक नाही. सपाटीवर डावीकडचा क्लच दाबला की तो डावीकडे वळतो. परंतु उतारावर भरलेला ट्रेलर मागून ढकलत असताना तोच क्लच दाबल्यास यंत्र उलट उजवीकडे वळते. दरीच्या कडेने गेलेल्या वाटेवर नवख्या माणसाचा येथेच घात होतो. बसून चालविण्याचा, उलटल्यास रक्षण करणारी चौकट व सीटबेल्ट असलेला छोटा ट्रॅक्टर मिळत असेल आणि वाट तेवढी रुंद करता येत असेल, तर वयस्क मालकासाठी तोच अधिक बरा. कित्येक बागांत प्रथम खर्च यंत्रावर न करता दोन-अडीच मीटर रुंदीची, पाणी वाहून न जाणारी वाट करण्यावर व्हावयास हवा. कारण वाट चांगली असेल तर साध्या हातगाड्यानेही निम्म्या खेपा वाचतात. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानाचे अनुदान यादीत असलेल्या यंत्रासच मिळते. तेव्हा अनुदान गृहीत धरून विक्रेत्यास अनामत रक्कम देण्यापूर्वी तालुका कृषी कार्यालयात चौकशी झालेली बरी.

प्रात्यक्षिक शोरूमच्या अंगणात पाहू नये. ते आपल्याच बागेत, सर्वांत अवघड चढावर, वीस क्रेट भरून मागावे आणि त्या वेळी प्रत्यक्ष ते यंत्र हाकणारा गडी किंवा बाई उपस्थित असावी. सुटे भाग चिपळुणात वा कुडाळात मिळतात की पुण्याहून मागवावे लागतात, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. कारण मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बंद पडलेले यंत्र जूनमध्ये दुरुस्त होऊन आल्यास त्या वर्षीचे ४०० क्रेट पुन्हा डोक्यावरूनच खाली आलेले असतात.